काचेवरची फिकट जागा

गुरुवारी दुपारी पावणेदोनला ती आईच्या डोळ्यांत औषध घालायला गेली, तेव्हा सगळं रोजच्यासारखंच होतं. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला नऊ दिवस झाले होते. थेंब दिवसातून चार वेळा घालायचे. सकाळ-संध्याकाळचे खालच्या मजल्यावरच्या काकू घालत, रात्रीचे आई स्वतःच अंदाजाने घाली आणि निम्मे गालावर सांडी, दुपारचे हिच्या वाट्याला आले होते. पाणीपुरवठा कार्यालयातून जेवणाच्या सुट्टीत निघायचं, बारा मिनिटं चालायचं, दोन जिने चढायचे, आईला खिडकीजवळच्या खुर्चीत मान मागे टाकून बसवायचं, खालची पापणी हलकेच ओढायची आणि एक थेंब सोडायचा. मग पाच मिनिटं थांबून दुसऱ्या बाटलीतला एक. त्या पाच मिनिटांत डोळे मिटून ठेवा असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि जन्मभर डोळ्यांच्या जिवावर नोकरी केलेल्या बाईला डोळे मिटून बसवणं म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यातला प्रकार होता. म्हणून ती त्या पाच मिनिटांत आईला कार्यालयातल्या तक्रारी सांगे. त्या दिवशी एक गृहस्थ नळाचं पाणी बाटलीत भरून घेऊन आले होते. यात काहीतरी आहे, म्हणाले. तिने बाटली उजेडात धरून पाहिली, काही दिसलं नाही. नीट बघा, म्हणाले. नीटच बघतेय, ती म्हणाली. मग ते म्हणाले की बाई, तुम्हाला दिसत नाही म्हणजे नसतंच का? आई मिटल्या डोळ्यांनी हसली. म्हणाली, लांब धरून बघायची होतीस, फिकट असेल ते जवळून बघितलं की नाहीसं होतं. आणि मग, हसणं पुरतं ओसरलंही नव्हतं तेव्हा, त्याच आवाजात आईने विचारलं, "त्या दिवशी तुझे हात कुठे होते गं?"

"कुठल्या दिवशी?"

कुठल्या दिवशी ते आईने सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. अडतीस वर्षांत आईने हा प्रश्न कधी विचारला नव्हता, तरी विचारताक्षणीच तो तिला घरच्या जिन्यासारखा ओळखीचा वाटला. तिने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. साडेतीन मिनिटं झाली होती. ती म्हणाली, "आठवत नाही, आई."

"बरं," आई म्हणाली.

पाच मिनिटं झाल्यावर तिने दुसरा थेंब घातला. तो नेमका पडला. आईने पदराने गाल टिपला, आता निघ, तुझा तो बाटलीवाला ताटकळला असेल, असं म्हणाली, आणि ती निघाली. शुक्रवारी सकाळी सात वीसला काकूंचा फोन आला. आई स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून खाली बसलेली सापडली होती. गॅस बंद होता. काकू तीनतीनदा हेच सांगत होत्या, गॅस मात्र तिने बंद केला होता हो, जणू त्यात काही दिलासा होता, आणि नंतर विचार करताना तिला वाटलं की होताही.

पुढचे दिवस कसे गेले ते तिला सांगता आलं नसतं. माणसं आली, गेली. दादा परगावाहून आला, कपाटं आवरून गेला, जाताना म्हणाला, तू रडून घे एकदा, साठवून ठेवू नकोस. तिने मान डोलावली. तिने जन्मभर इतकं वाचलं होतं की आई गेल्यावर माणसांना काय काय वाटतं ते तिला पानांनिशी ठाऊक होतं. यातलं आपल्याला नक्की काय वाटतंय ते मात्र कुठल्याच पानावर सापडत नव्हतं. दुःख असावं, असा तिचा अंदाज होता. पण त्याच्या पुढ्यात तो "बरं" येऊन उभा राहिला होता आणि मागचं काही दिसू देत नव्हता. आईचे "बरं" अनेक तऱ्हांचे असत. भाजीवाल्याने भाव खाली आणला नाही की एक, दादाने येणं रद्द केलं की एक, आणि काही लिहून बाजूला ठेवायचं असलं की एक, सपाट, शेवट खाली न येणारा. हा कुठला होता? ती मेजाशी बसून तो मनात पुन्हा पुन्हा उच्चारून पाही, आणि दर वेळी तो वेगळा ऐकू येई, आणि समोरची तक्रार घेऊन आलेली बाई म्हणे, अहो, मी काय म्हणते ऐकताय ना, तीन दिवस पाणी नाही आमच्याकडे. पावणेदोन वाजले की पाय आपोआप चालू लागत. दोनदा ती अर्ध्या रस्त्यात पोचली होती. दोन्ही वेळा परत फिरताना तिला दुःखापेक्षा लाज वाटली, कुणीतरी पाहत असल्यासारखी.

आई काचा बघायची. लहानपणी शाळेत आई काय करते असं विचारलं की ती हेच सांगे, आणि मुली हसत, त्यांना वाटे खिडक्या पुसते. वेधशाळेतल्या मोठ्या दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काचेवर घेत. दोन हातांत धरावी लागे एवढी मोठी, पण पापडासारखी पातळ काच, एका अंगाला जिलेटिनचा थर, त्या थरात उलटं आकाश: पांढरी रात्र आणि काळे तारे. आईच्या मेजावर खालून उजेड असे. त्यावर काच ठेवून ती बोटभर बोटभर सरकत सगळी काच बघे, कुठे काही फिकट, पसरट, ताऱ्यासारखं नसलेलं दिसतं का ते शोधे, आणि दिसलं तर ते खरंच आकाशातलं आहे की काचेतला दोष, धूळ, थेंब वाळल्याचा डाग आहे, ते ठरवे. ठरवून पाकिटावर नोंद करे. शास्त्रज्ञ पुढचं काम तिच्या नोंदीवरून करत. तिथे तिला चाळणी म्हणत. चाळणीतून गेलं म्हणजे गेलं, असं मोठे सर, म्हणजे काचविभागाचे प्रमुख, पाहुण्यांना सांगत, आणि आई खाली बघून काम करत राही, पण कानाच्या पाळ्या लाल होत. संध्याकाळी घरी यायला तिला आठ वाजत. आल्यावरही डोळे कुठेतरी लांब लागलेले असत, ताटाकडे बघताना ती ताटाच्या थोडं पलीकडे बघे. मुलगी काही सांगू लागली की हं, हं म्हणे, आणि तो "हं" कधीच वाक्याच्या शेवटी येत नसे, मध्येच कुठेतरी येई. बाबांची नोकरी फिरतीची. दादा तेव्हाच वसतिगृहात. घरात पुस्तकं पुष्कळ होती. वाचनाची गोडी तुला कुठून लागली, असं लोक पुढे विचारत, तेव्हा ती गमतीने म्हणे, गोडी कसली, दुसरं कुणी घरी नव्हतं.

तो दिवस शाळेच्या सुट्टीतला. ती आठ वर्षांची. सांभाळणारी बाई आली नाही, म्हणून आईने मोठ्या सरांची परवानगी काढून तिला सोबत नेलं. काचखोलीत थंड, कोरडी हवा होती, भिंतींना छतापर्यंत खण, खणांत उभ्या लावलेल्या काचा, आणि कशालाही हात लावायचा नाही. जिलेटिनला बोट लागलं की काच मेली, असं आई म्हणे. तिने स्टुलावर बसून पुस्तक वाचलं, ते संपलं, दुसरं वाचलं, तेही संपलं. मग ती आईच्या कोपराशी जाऊन उभी राहिली. आई भिंग बाजूला ठेवून, मान मागे घेऊन, लांबून काच बघत होती, डोळे बारीक करून, एका जागेकडे बघत नसल्यासारखी. बराच वेळ. मग आई वळली, खाली वाकली आणि तिला विचारलं, तू हात लावलास का? ती हो म्हणाली.

एवढंच. यापुढचा भाग तिच्या मनात बऱ्याच वर्षांपूर्वी घट्ट बसून गेला होता, बंद खणासारखा, आणि ती तिथून वळसा घालून जात असे. यापुढे एकदम मोठे सर काय झालं म्हणून दारात उभे होते, आई म्हणत होती की काही नाही, बघते मी काय लिहायचं ते, आणि मग त्या दोघी बाहेर, उन्हात, हातात वाफाळता कागदी पेला. आईने काय लिहिलं ते तिने विचारलं नाही. काचेतच दोष आहे असं काहीतरी लिहून आईने आपल्याला वाचवलं, असं ती समजून चालली. पुढचं वर्ष इतकं चांगलं गेलं की तो दिवस आठवायला फुरसतही नव्हती. का कोण जाणे, आई वर्षभर पाच वाजता घरी येऊ लागली. जरा बदल हवा होता, म्हणाली, पत्रव्यवहार बघते सध्या. ती पत्रव्यवहार बघत होती आणि मुलीच्या वेण्या घालत होती, तिच्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकत होती, "हं" वाक्याच्या शेवटी म्हणत होती. एकदा दोघी नुसत्या पत्ते खेळत बसल्या, तर रात्रीचं जेवणच राहून गेलं. तिला आठवणारं सगळं बालपण बहुतेक त्या एका वर्षातलंच असावं. बाकीची वर्षं ती पुस्तकांत होती.

एकोणीस वर्षांची असताना, सकाळी, टेबलाशी, आई वेधशाळेचं बातमीपत्र वाचत होती. म्हणाली, आपल्या शेजारी आणखी एक निघाली. परदेशातल्या कुणीतरी दुसऱ्या दुर्बिणीच्या काचांवर एक बटू दीर्घिका शोधली होती. आपल्या आकाशगंगेच्या शेजारातलीच, पण इतकी लहान आणि इतकी विरळ की तिच्या आरपार मागच्या लांबच्या दीर्घिका दिसतात. तारे आहेत, पण गर्दी नाही, म्हणून कुणाच्या डोळ्यांत भरली नाही. आईने जागेचे आकडे वाचले. उठून आत गेली, एक जुनी डायरी घेऊन आली, आकडे ताडून पाहिले, डायरी मिटली. "म्हणजे तो डाग नव्हता," एवढंच म्हणाली. ती समोर बसून पावाला लोणी लावत होती. ते तिने कडेपर्यंत नीट लावलं. त्या क्षणी काही बोलायला हवं होतं हे तिला तेव्हाही कळलं होतं. पण काय? आपण त्या दिवशी हो म्हणालो, हे खरं. पण हात लावला होता का? अकरा वर्षं ती स्वतःच्या त्या "हो"शी इतकी इमानाने राहिली होती की एव्हाना बोटाला काच आठवू लागली होती: गार, किंचित चिकट, ओलसर जिभेसारखी. खोटं बोललो असं म्हणावं तर बोट साक्ष देई की लावला होता. लावला म्हणावं तर तिथे दीर्घिका निघालेली. की दोन्ही खरं? बोटही लागलं, आणि नेमकी तिथेच, त्या ठशाखाली, ती दीर्घिकाही होती? आकाश एवढं मोठं, बोट एवढंसं. असं होतं का कधी? आईला विचारायची सोय नव्हती, कारण विचारणं म्हणजेच सांगणं. आणि आईला काय कळलं होतं? तिने डायरी जागेवर ठेवली आणि चहा पुन्हा गरम केला. सत्तावीस वर्षं तिने ती गोष्ट काढली नाही, आणि काढली ती डोळ्यांत थेंब असताना. तेव्हा विचारण्यामागे राग होता, की कुतूहल, की नुसती चाळणीची सवय, एक नोंद अर्धी राहिलीय ती पुरी करावी? "आठवत नाही" हे उत्तर खोटं होतं असंही तिला म्हणता येत नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागत होतं.

आई जाऊन महिना झाला असेल, तेव्हा वेधशाळेतून एका मुलीचा फोन आला. ती जुन्या काचा संगणकावर चढवण्याचं काम करत होती. आधी तिने नीट शब्दांत सांत्वन केलं, मग अडखळत म्हणाली की एका काचेबद्दल विचारायचं होतं, ताईंनी येऊन बघितलं तर बरं होईल. ताईंना काचांतलं काही कळत नाही, असं ती म्हणाली. मुलगी म्हणाली, काचेतलं नाही हो, पाकिटावरचं आहे. दोन दिवसांनी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेली. खोली तीच होती आणि नव्हती. खण निम्मे रिकामे झाले होते, हवा तशीच गार. मोठे सरही आले होते, त्या मुलीने त्यांनाही बोलावलं होतं. खूप म्हातारे झाले होते, बोलताना हनुवटी थरथरे. तिला बघून ते उठू लागले, तिने बसा म्हटलं. मुलीने सांगितलं की जुन्या काचांचं एक छोटं प्रदर्शन मांडायचं आहे, आणि त्यात ती दीर्घिका असलेली आपली काच ठेवायची आहे. दुसऱ्यांनी शोधायच्या अकरा वर्षं आधीची. फलकावर लिहायचा मजकूर तिने पुढे केला. त्यात लिहिलं होतं की परीक्षिकेच्या हातून काचेला बोट लागल्याने ही दीर्घिका डाग समजून वगळली गेली.

परीक्षिकेच्या हातून. तिने ते दोनदा वाचलं. तिला वाटलं मुलीची काहीतरी गफलत झाली आहे. मुलीने पाकीट समोर ठेवलं. आईचं अक्षर, बारीक, उजवीकडे कललेलं: पसरट डाग, माझे बोट लागले, दीर्घिका नव्हे. खाली सही आणि तारीख.

मोठे सर पाकिटाकडे न बघता बोलू लागले. म्हणाले की नियम होता. काचेला बोट लागलं की वर्षभर काचांचं काम बंद. तो त्यांनीच केलेला, आणि तिच्यासाठी वाकवला असता तर बाकीचे काय म्हणाले असते? पत्रं लिहायला बसवलं तिला, वर्षभर. एरवी अशी फिकट जागा दिसली की त्या भागाची दुसरी काच घेऊन पडताळतात. पण स्वतःच बोट लागलं म्हणतेय म्हटल्यावर कोण कशाला दुसरी काच घेतो? "चाळणीलाही शेवटी भोकंच असतात, असं म्हणालो होतो मी तिला, सगळ्यांदेखत. हसले सगळे. तीही हसली," ते म्हणाले, आणि हनुवटी हाताने धरून ठेवली.

ती ते ऐकत होती आणि तिच्या डोक्यात सगळं जागच्या जागी हलत होतं. पत्ते. वेण्या. पाच वाजता जिन्यावर वाजणारी पावलं. ते वर्ष तिला बक्षीस मिळाल्यासारखं मिळालं होतं, आणि ते आईने भोगलेलं होतं, आणि दोन्ही एकच वर्ष होतं. आईने एकदाही, रागातसुद्धा, तुझ्यामुळे असं म्हटलं नव्हतं. मग ती आनंदात होती का त्या वर्षी? पत्ते खेळताना हसायची ती कोण होती? तिला खोलीतली हवा एकदम जास्त गार वाटली. ती खुर्चीत बसली, आणि बसल्यावर लक्षात आलं की खुर्ची आधीच कुणीतरी तिच्यासाठी ओढून ठेवली होती.

"पण मला कळत नाही ते वेगळंच आहे," मुलगी म्हणाली. तिने संगणकाचा पडदा इकडे वळवला. तो सगळा फिकट राखाडी रंगाने भरला होता, आणि त्यात कुठे कुठे, एकमेकांपासून दूर दूर, बारीक काळे कण. काही आहे असं जवळून वाटतही नव्हतं. मुलगी सांगू लागली की ही ती जागा, शक्य तेवढी मोठी करून. जिलेटिनला बोट लागलं तर रेषा उमटतात, तेलाचा वण राहतो, पन्नास वर्षांनीही राहतो. ती रोज अशा काचा बघते, तिला ओळखू येतं. या काचेवर चारही कडांपर्यंत शोधलं. "इथे कुणाचंच बोट लागलेलं नाहीये, ताई. कधीच. नुसती दीर्घिका आहे. मग त्या असं का लिहितील? स्वतःच्या सहीने?"

मोठ्या सरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना तो दिवस आठवत होता की नाही, स्टुलावर बसलेली पोर आठवत होती की नाही, कळायला मार्ग नव्हता. ती गप्प राहिली असती तर फलक तसाच लागला असता, आणि येणारी-जाणारी माणसं तो वाचून पुढे गेली असती. बोट गार पडलं होतं. ते अजूनही काच आठवून देत होतं, खोटी, स्वच्छ, बिनचूक आठवण, आणि तिला क्षणभर वाटलं की ही मुलगीच चुकत असेल, यंत्र चुकत असेल. मग तिने तो फलकाचा कागद आपल्याकडे ओढला आणि "परीक्षिकेच्या हातून" या शब्दांवर तळवा ठेवला.

"मी सांगितलं तिला तसं," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच निघाला, तक्रार लिहून घेताना निघतो तसा. "आठ वर्षांची होते. तिने विचारलं, हात लावलास का, मी हो म्हणाले. मी लावला नव्हता. तिने माझा हात स्वतःच्या नावावर लिहिला. आणि मी लावलाच नव्हता."

तिच्या वयाच्या माणसाला विचारवेल तितक्या हळू, मुलीने विचारलं, "मग हो का म्हणालात?"

यापुढचा भाग बंद होता. ती त्याच्यापाशी गेली, आणि तो सहज उघडला, जणू कधी बंद नव्हताच.

"तिने माझा हात हातात घेतला होता," ती म्हणाली. "विचारताना. दोन्ही हातांत घेऊन एकेक बोट बघत होती, तशी ती फक्त काचाच बघायची. नाही म्हटलं असतं, तर तिने तो सोडला असता आणि परत काचेकडे वळली असती."